खवटपणाशी लढाई: युद्धवायूपासून ‘३१९’ या आकड्यापर्यंत

१/
कढईतले तेल प्रमाणाबाहेर तापले की स्वयंपाकघरात निळसर धूर पसरतो, डोळ्यांतून पाणी वाहू लागते आणि घसा धरतो. त्या धुरातील एका झोंबऱ्या द्रव्याचे नाव ॲक्रोलीन. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्सने हेच ॲक्रोलीन रणांगणावर विषारी वायू म्हणून वापरले. आज खाद्यतेलाच्या पिशवीवर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर ‘अँटिऑक्सिडंट (३१९)’ असे बारीक अक्षरांत छापलेले दिसते, त्या मजकुराची एक वाट या युद्धवायूपासून निघते. (दीर्घ धागा)

२/
ॲक्रोलीनची एक अडचण होती. ते साठवून ठेवता येत नसे. काही काळात त्याचे रेणू एकमेकांना चिकटत आणि निरुपयोगी राळेसारखा पदार्थ तयार होई. शार्ल मूरू आणि शार्ल द्युफ्रेस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांकडे ते टिकवण्याचे काम आले. हायड्रोक्विनोनसारख्या फिनॉल वर्गातील द्रव्याची अगदी चिमूटभर मात्रा मिसळली तरी ॲक्रोलीन दीर्घकाळ टिकते, असे त्यांना आढळले.

३/
इतक्या अल्प मात्रेचा एवढा परिणाम का व्हावा? ॲक्रोलीन बिघडण्याच्या मुळाशी हवेतील ऑक्सिजन आहे आणि फिनॉल त्याच्या कामात अडथळा आणते, असा निष्कर्ष दोघांनी काढला. युद्ध संपल्यावर त्यांनी हाच प्रयोग इतर अनेक पदार्थांवर केला आणि १९२२ च्या सुमारास अशा द्रव्यांना ‘अँटिऑक्सिजेन’ असे नाव दिले. अँटिऑक्सिडंट या शब्दाचा आजचा अर्थ याच कामातून घडत गेला.

४/
युद्धाने उत्तर पुढे आणले, तरी प्रश्न फार जुना होता. खवट खोबरे, खवट शेंगदाणे, दिवाळी उलटून महिना झाल्यावर डब्याच्या तळाशी उरलेली चकली, यांची चव कोणत्याही मराठी घराला नवी नाही. मात्र खवटपणा आणि कुजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुजण्यामागे जिवाणू आणि बुरशी असतात. तेलातुपाचा हा नेहमीचा खवटपणा बहुतांशी हवेच्या रासायनिक क्रियेतून येतो. त्याला जंतूंची गरज लागत नाही.

५/
म्हणूनच परिरक्षक द्रव्यांचेही दोन स्वतंत्र वर्ग होतात. सरबतातील सोडियम बेंझोएट जंतूंची वाढ रोखते; तेलातील अँटिऑक्सिडंट ऑक्सिजनचे काम रोखते. पहिले द्रव्य खवटपणा थांबवू शकत नाही आणि दुसऱ्यावर विसंबून सरबत टिकवता येत नाही. ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ या एका शब्दाखाली दोघांना एकत्र मोजले की चर्चेत पहिला गोंधळ होतो.

६/
खवटपणाचे विलक्षण वेळापत्रक प्रथम टिपले ते स्विस शास्त्रज्ञ निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी, १८२० च्या सुमारास. त्यांनी पाण्यावर अक्रोडाच्या तेलाचा थर हवेत ठेवला. आठ महिन्यांत त्या तेलाने आपल्या आकारमानाच्या जेमतेम तिप्पट हवा शोषली. त्यानंतरच्या अवघ्या दहा दिवसांत मात्र त्याने आकारमानाच्या साठपट हवा शोषून घेतली. दीर्घ शांतता आणि मग एकाएकी कोसळणे, असा हा क्रम होता.

७/
लोकांना कारण ठाऊक नव्हते, उपाय मात्र सापडले होते. देशाँ या फ्रेंच औषधनिर्मात्याने १८४३ साली नोंदवले की लोबान घातलेले चरबीचे मलम लवकर खवट होत नाही. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी अस्वलाची चरबी एल्म जातीच्या एका झाडाच्या सालीसह तापवून टिकवत, अशी नोंद १८५२ सालची आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत लोणी कढवताना विड्याचे पान टाकण्याची रीत आहे. त्या पानात फिनॉल वर्गातील द्रव्ये भरपूर असतात.

८/
प्रत्यक्षात तेलात घडते काय? मेदाम्लांच्या लांब साखळीत काही ठिकाणी द्विबंध असतात. दोन द्विबंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन अणू सैल धरलेला असतो. प्रकाश, उष्णता किंवा लोह-तांब्याचा अंश यांपैकी एखाद्या निमित्ताने तो निसटला की मागे एक अपुरा रेणू उरतो. त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो. रसायनशास्त्रात त्याला मुक्त मूलक म्हणतात.

९/
हा अपुरा रेणू हवेतील ऑक्सिजन क्षणार्धात पकडतो आणि अधिक आक्रमक होऊन शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन हिसकावतो. स्वतः तो स्थिर होतो, पण शेजारी आता अपुरा झालेला असतो. तो पुढच्या शेजाऱ्याकडे वळतो. अशी शृंखला चालू राहते. मधल्या टप्प्यावर पेरॉक्साइडे साचतात. ती फुटून आल्डिहाइडांसारखे लहान रेणू सुटतात, आणि नाकाला जाणवणारा खवट वास त्यांचाच असतो.

१०/
अँटिऑक्सिडंट या शृंखलेत मध्येच उभे राहते. ते आपला हायड्रोजन आक्रमक रेणूला आपण होऊन देऊन टाकते. देताना तेही अपुरे होते. पण त्याच्या वलयाकार रचनेत तो एकटा इलेक्ट्रॉन पसरून राहतो, त्यामुळे ते शेजाऱ्यावर तुटून पडत नाही. शृंखला तिथेच खुंटते. या व्यवहारात अँटिऑक्सिडंटचा रेणू खर्ची पडतो, आणि पुढच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार महत्त्वाची ठरते.

११/
द सोस्यूर यांच्या आठ महिन्यांच्या शांततेचा अर्थ आता लागतो. तेलात निसर्गतः असलेली रक्षक द्रव्ये त्या काळात हळूहळू संपत होती. शेवटचा साठा संपताच धरण फुटले. बाहेरून घातलेले अँटिऑक्सिडंट हा शांततेचा काळ लांबवते, एवढेच त्याचे कार्य आहे. खवट झालेले तेल ते पुन्हा ताजे करू शकत नाही आणि खवटपणा कायमचा थोपवूही शकत नाही.

१२/
शृंखलेचे हे गणित एका वेगळ्याच धंद्याने नीट मांडले, तो धंदा रबराचा. रबरही हवेने ठिसूळ होते. ब्रिटनमधील रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेत फार्मर, बोलँड आणि गी यांनी १९४० च्या दशकात या क्रियेचे टप्पे उलगडले. मोटारीचे टायर तडकणे आणि तेल खवट होणे या मुळात एकाच जातीच्या घटना आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

१३/
दरम्यान कथेचा दुसरा धागा अमेरिकेत विणला जात होता. १९२२ साली बर्कलीत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना आढळले की डुकराची चरबी असलेल्या ठरावीक आहारावर उंदीर वाढतात, पण माद्यांचे गर्भ टिकत नाहीत. लेट्यूसची पाने दिली की टिकतात. पानांतील त्या अज्ञात घटकाला पुढे ई जीवनसत्त्व म्हटले गेले. १९३६ साली त्याला टोकोफेरॉल हे नाव मिळाले. अपत्यजन्म आणि धारण करणे या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ते घडवले आहे.

१४/
आयोवातील हेन्री मॅटिल यांच्या लक्षात आले की खवट होणारी चरबी हे जीवनसत्त्व नष्ट करते. १९३१ साली हॅरल्ड ऑलकॉट आणि मॅटिल यांनी लेट्यूसमधील मेदात विरघळणाऱ्या अंशात खवटपणा रोखणारी शक्ती दाखवून दिली. ज्या द्रव्यामुळे गर्भ टिकतो, तेच तेलही टिकवते, हे हळूहळू सिद्ध झाले. जीवनसत्त्व आणि परिरक्षक ही एकाच रेणूची दोन रूपे निघाली.

१५/
याच शोधातून एका उद्योगाच्या दुखण्याचे निदान झाले. वनस्पतिज तेलांत टोकोफेरॉल मुबलक असते. डुकराच्या चरबीत ते फारच थोडे. म्हणून ही चरबी तुलनेने घट्ट असूनही लवकर बिघडते. १९११ पासून अमेरिकी बाजारात हायड्रोजन जोडून घट्ट केलेली वनस्पतिज स्निग्धे आली. दुकानाच्या फळीवर अधिक दिवस राहणाऱ्या या स्निग्धांपुढे चरबीचा व्यापार मागे पडू लागला. चरबीला बाहेरून रक्षक हवा होता.

१६/
पहिल्या रक्षकांपैकी एक अस्सल नैसर्गिक होता. अमेरिकेच्या वाळवंटी भागातील क्रिओसोट या झुडपापासून मिळणारे एनडीजीए हे द्रव्य १९४० च्या दशकात चरबीत घातले जाऊ लागले. पुढे उंदरांवरील चाचण्यांत त्याने मूत्रपिंडांना इजा होते असे दिसले आणि १९६८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते सुरक्षित द्रव्यांच्या यादीतून काढले. वनस्पतीतून आलेले द्रव्य निरुपद्रवीच असते, ही समजूत तेव्हाच खोटी ठरली होती.

१७/
१९४० च्या दशकाअखेरीस बीएचए हे कृत्रिम द्रव्य आले आणि १९५४ साली त्याचा भाऊबंद बीएचटी यालाही अमेरिकेत अन्नात वापरायची परवानगी मिळाली. बीएचटीची ओळख पेट्रोलियम उद्योगाला आधीच होती. बीएचएचा मोठा गुण असा की ते भट्टीच्या उष्णतेतही तग धरते. त्यामुळे चरबीत घातलेले रक्षण भाजलेल्या बिस्किटापर्यंत पोहोचते. १९७२ साली टीबीएचक्यू मान्य झाले. ते तळणीच्या तेलांत विशेष उपयोगी पडले.

१८/
या द्रव्यांची मात्रा फार लहान असते. अमेरिकेत आणि भारतातही नेहमीची मर्यादा मेदाच्या ०.०२ टक्के, म्हणजे एक किलो तेलात जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम अशी आहे. वेष्टनावरील आकडे आंतरराष्ट्रीय क्रमवारीतील आहेत: ३१९ म्हणजे टीबीएचक्यू, ३२० म्हणजे बीएचए, ३२१ म्हणजे बीएचटी. त्याच क्रमवारीत ३०० म्हणजे क जीवनसत्त्व आणि ३०७ म्हणजे टोकोफेरॉल. आकडा दिसला म्हणून द्रव्य कृत्रिम किंवा घातक ठरत नाही.

१९/
या यादीत ३३० क्रमांकाचे सायट्रिक आम्लही अनेकदा भेटते. लिंबातील हे आम्ल हायड्रोजन देत नाही; ते लोह आणि तांब्याचे कण धरून ठेवते, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्यालाच बांधून टाकते. तांबे तेलातुपाचा बिघाड वेगाने वाढवते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याचे आणि तूप चिनी मातीच्या बरणीत ठेवण्याचे जुने शहाणपण या दृष्टीनेही योग्यच होते.

२०/
आता आरोग्याचा प्रश्न. तो टाळता येत नाही, कारण इतिहासाने त्याचे उत्तर दोन विरुद्ध दिशांनी दिले. १९७२ साली अमेरिकी संशोधक ली वॉटेनबर्ग यांनी दाखवले की बीएचए दिलेल्या प्राण्यांत काही कर्करोगकारक रसायनांचा प्रभाव घटतो. बीएचए यकृतातील विषनाशक विकरांना चालना देते, असेही पुढे दिसले. अन्न टिकवणारे हे द्रव्य कर्करोगापासून रक्षण करील, अशी आशा काही काळ निर्माण झाली.

२१/
दहाच वर्षांनी जपानमधून उलट बातमी आली. नागोया येथील नोबुयुकी इतो आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या एकूण आहारात दोन टक्के बीएचए मिसळले. त्यांच्या जठराच्या पुढच्या भागात अर्बुदे झाली, त्यांत कर्करोगही होते. १९८२ साली जपान सरकारने बंदीचे पाऊल उचलले. इतर देशांच्या आग्रहाने ते लांबणीवर पडले. जपान, अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या चार देशांच्या तज्ज्ञांनी मग एकत्र बसून पुरावा तपासला.

२२/
प्रश्न दोन होते. पहिला अवयवाचा. जठराचा तो पुढचा कप्पा उंदीर आणि हॅम्स्टर यांना असतो, माणसाला नसतो. असा कप्पा नसलेल्या कुत्र्यांत आणि माकडांत तसा परिणाम दिसला नाही. दुसरा मात्रेचा. बीएचए आनुवंशिक द्रव्यावर थेट घाव घालत नाही. प्रचंड मात्रा सतत लागून अस्तर चिडते, पेशी पुन्हा पुन्हा वाढतात आणि त्यातून अर्बुद होते, असे चित्र उभे राहिले. अशा यंत्रणेत विशिष्ट मात्रेखाली धोका नसावा, असे मानायला आधार असतो.

२३/
तरीही शंकेची नोंद पुसली गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बीएचएला ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानेही १९९१ पासून ते आपल्या यादीत घेतले. त्याच अमेरिकेत अन्न प्रशासनाची परवानगी कायम आहे. यात वरवर विसंगती दिसते. पहिल्या दोन याद्या धोक्याची क्षमता सांगतात. परवानगी देणारी संस्था पानात पडणाऱ्या मात्रेचा विचार करते.

२४/
माणसांवरचा पुरावा थोडा आहे, पण आहे. नेदरलँड्समध्ये १,२०,८५२ स्त्री-पुरुषांचा पाठपुरावा झाला आणि त्यावरील अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. तेथील आहारातून बीएचए सरासरी रोज सुमारे १०५ मायक्रोग्रॅम, तर बीएचटी सुमारे ३५१ मायक्रोग्रॅम जात होते. या मात्रांत जठराच्या कर्करोगाशी ठळक संबंध आढळला नाही. हा निर्वाळा त्या मात्रांपुरताच आहे. त्याहून अधिक खाणाऱ्यांबद्दल तो काही सांगत नाही.

२५/
मात्रेचा हिशेब घरीही करता येतो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने बीएचएसाठी ठरवलेली रोजची मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. ५० किलोच्या माणसासाठी ती २५ मिलिग्रॅम होते. पूर्ण मर्यादेइतके बीएचए घातलेले तेल असले, तर एवढी मात्रा १२५ ग्रॅम तेलातून मिळेल. रोज इतके तेल पोटात जाणाऱ्या माणसापुढे परिरक्षकाहून कितीतरी मोठी संकटे उभी असतील.

२६/
मुलांचा हिशेब मात्र वेगळा पडतो. १५ किलो वजनाच्या बालकाची मर्यादा ७.५ मिलिग्रॅम, म्हणजे तशाच तेलाचे ३७ ग्रॅम. वेफर, फरसाण आणि क्रीमची बिस्किटे हाच ज्या मुलाचा दिवसभराचा आहार असतो, ते मूल मोठ्यांच्या मानाने या रेषेच्या कितीतरी जवळ जाते. सावधगिरीची खरी जागा ही आहे. योगायोगाने मीठ, साखर आणि हलक्या प्रतीचा मेद यांमुळेही त्याच पुड्यांपासून मुलांना दूर ठेवणे इष्ट असते.

२७/
दुसऱ्या पारड्यात खवट तेल ठेवल्याशिवाय हा तराजू पुरा होत नाही. खवट होताना तेलातील अ आणि ई जीवनसत्त्वे नष्ट होतात आणि हायड्रॉक्सीनोनेनालसारखी आल्डिहाइडे तयार होतात. ती प्रथिनांना आणि आनुवंशिक द्रव्याला चिकटतात. रक्षक काढून टाकलेले तेल ताजे असेपर्यंतच निर्दोष असते. उन्हात ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतले, तीन-तीनदा तळणीला वापरलेले तेल ‘रसायनमुक्त’ असले, तरी त्याने स्वतःच रसायने तयार केलेली असतात.

२८/
कृत्रिम द्रव्यांवरील संशयाने संशोधक पुन्हा वनस्पतींकडे वळले. १९५२ साली अमेरिकेत ३२ मसाल्यांची तपासणी झाली होती. त्यात रोझमेरी आणि सेज सर्वांत प्रभावी ठरले. युरोपीय संघाने २०१० साली रोझमेरीच्या अर्काला ३९२ हा क्रमांक दिला. तिळाचे तेलही तुलनेने चिवट असते, ते त्यातील सेसॅमॉल वर्गाच्या द्रव्यांमुळे. भारतात वनस्पती तुपात किमान पाच टक्के तीळतेल घालण्याची सक्ती होती. कारण टिकाऊपणाचे नव्हते. तीळतेलाच्या लालसर रंगाच्या चाचणीने साजूक तुपातील भेसळ उघडी पडावी, हा हेतू होता. तो रंग याच वर्गातील द्रव्यांमुळे येतो.

२९/
१९५६ साली डेनम हार्मन यांनी मांडले की वार्धक्याच्या मुळाशीही मुक्त मूलके असावीत. १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी शरीरातच अशा मूलकांचा नायनाट करणारे विकर दाखवले. विचार सरळ वाटला: तेल खवट होते, तसे शरीरही, मग तेलाला तारणारे द्रव्य शरीरालाही तारील. डब्यातला शब्द औषधाच्या बाटलीवर आला आणि पाहता पाहता ‘अँटिऑक्सिडंट’ हे आरोग्याचे बिरुद बनले.

३०/
परीक्षा फिनलंडमध्ये झाली. २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांच्या चाचणीत काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देण्यात आले. १९९४ साली निकाल आला: ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक. अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेले अशा १८,३१४ जणांवर बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्वाची चाचणी चालू होती. तिथे वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ च्या जानेवारीत ती मुदतीआधीच थांबवावी लागली.

३१/
२०११ साली ई जीवनसत्त्वाचीही पाळी आली. ३५,५३३ पुरुषांच्या चाचणीत रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. शरीर म्हणजे तेलाचा डबा नव्हे. पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला ऑक्सिजनची आक्रमक रूपे स्वतःच घडवतात; पेशींचे काही संदेशही त्यांतूनच जातात. ती सरसकट पुसून टाकणे हे रक्षण ठरत नाही.

३२/
खुद्द तेलातही हीच मर्यादा दिसते. अल्फा-टोकोफेरॉल योग्य मात्रेत तेल राखते. फार वाढवले तर उलट ऑक्सिडीकरणाला हातभार लावते. मूरू आणि द्युफ्रेस यांना तर प्रारंभीच दिसले होते की काही द्रव्ये परिस्थितीनुसार रक्षकही ठरतात आणि चिथावणारीही. चिमूटभर मात्रेचे सामर्थ्य हा या द्रव्यांचा पहिला धडा होता. शंभर वर्षांत तोच सर्वांत अधिक विसरला गेला.

३३/
एका कारखान्यातला व्यवहार हा विसर नेमका दाखवतो. तेल रिफाइन करताना त्याचा वास काढण्याच्या टप्प्यावर टोकोफेरॉलचा काही अंश वाफेबरोबर निघून जातो. सोयाबीन तेलाच्या अशा उपउत्पादनापासून ‘नैसर्गिक ई जीवनसत्त्व’ मिळवले जाते आणि कुपीत भरून विकले जाते. इकडे तेलातील उणीव अनेकदा टीबीएचक्यू घालून भरली जाते. मग ग्राहक ३१९ हा आकडा पाहून दचकतो आणि ती कुपी विश्वासाने घेतो.

३४/
वास्तविक ३१९ आणि टोकोफेरॉल एकच काम एकाच रीतीने करतात: स्वतःचा हायड्रोजन देऊन शृंखला तोडणे. आकड्याचे भय आणि कुपीवरची श्रद्धा, दोन्ही मात्रा न विचारण्यातून येतात. तेलातील ०.०२ टक्क्याला उंदराच्या आहारातील दोन टक्क्यांचा दोष लावणे जितके चूक, तितकेच फळातील थोड्या कॅरोटीनचे श्रेय २० मिलिग्रॅमच्या गोळीला देणे चूक.

३५/
मग अँटिऑक्सिडंट परिरक्षके आरोग्यदायी आहेत का? ती पोषण देत नाहीत. खवट मेदापासून वाचवतात आणि त्याबदल्यात मर्यादेत सांभाळण्याजोगा अल्प धोका पत्करायला लावतात. जिथे त्यांच्याविना भागते, तिथे त्यांची गरज नाही: तेल थोडे आणावे, झाकून अंधारात ठेवावे, तळणीचे तेल फार वेळा वापरू नये. वेफरच्या पाकिटात भरलेला नायट्रोजन आणि लोणच्यावर चार बोटे ठेवलेले तेल, दोघेही हवेला बाहेर ठेवण्याचेच काम करतात.

३६/
द सोस्यूर यांच्या तेलाने आठ महिने जी शांतता राखली, ती तेलातल्या अदृश्य रक्षकांनी स्वतःला खर्च करून मिळवलेली होती. विड्याच्या पानापासून ३१९ पर्यंत माणसाने त्या रक्षकांची कुमक वाढवली. त्यांनी दिला तो केवळ वेळ. तेल संपेपर्यंत पुरेल एवढा वेळ हे त्यांचे खरे मोल आहे. दीर्घायुष्याचे वचन त्यांनी कधीच दिले नव्हते. ते बाजाराने दिले. (समाप्त)